जुन्या मोटारीची चाके आणि त्यांची सरळ रेषा

मुंबईकरांच्या अनेक पिढ्यांची ओळख बनलेली प्रीमियर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात शहरात दिसेनाशी झाली. या जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपताच तिने रजा घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ही मोटार तयार होत असे. मूळच्या इटालियन फियाट ११०० या गाडीचे ते भारतीय रूप होते, आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली.

टॅक्सी म्हणून पद्मिनीचे आयुष्य संपले असले, तरी हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आणि फियाट आजही राज्यातील अनेक शहरांत आहेत. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खाजगी वाहनांसाठी केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ‘विंटेज मोटार वाहन’ म्हणून नोंदणीचे स्वतंत्र नियम जारी केले. पद्मिनीच्या पहिल्या तुकडीतील गाड्यांनीही आता पन्नाशी ओलांडली आहे. साहजिकच अशा गाड्यांच्या पुनरुद्धाराकडे कल वाढला आहे. परंतु या कामात बहुतेकांचे लक्ष रंग, क्रोम, गाद्या आणि एंजिन यांकडे असते. गाडी चकचकीत होऊन गॅरेजबाहेर पडते आणि मग ध्यानात येते की ती एका बाजूस ओढते आहे, स्टिअरिंग थरथरते आहे आणि नवे टायर काही महिन्यांतच घासून गुळगुळीत होत आहेत. मालक ‘अलाइनमेंट’ करून आणतो. चार दिवस बरे जातात आणि दुखणे पुन्हा उद्भवते. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे समजून घेण्यासाठी चाकांच्या जुळणीचे शास्त्र मुळापासून पाहणे इष्ट ठरेल.

चाकांचे चार कोन

मोटारीचे पुढील चाक वरवर पाहता अगदी सरळ उभे दिसते. वस्तुतः ते किंचित कललेले व किंचित वळलेले असते, आणि हा कल आराखडा तयार करणाऱ्यांनी जाणीवपूर्वक दिलेला असतो.

पहिला कोन कॅम्बर. गाडीकडे समोरून पाहिले असता चाकाचा माथा बाहेरच्या बाजूस झुकलेला असेल तर कॅम्बर धन, आणि आतल्या बाजूस झुकलेला असेल तर ऋण समजतात. जुन्या गाड्यांत बहुधा थोडा धन कॅम्बर असे. त्यामुळे वजनाचा भार चाकाच्या आतील मोठ्या बेअरिंगवर राहतो आणि स्टिअरिंग हलके चालते.

दुसरा कोन कॅस्टर. चाक ज्या आसाभोवती वळते तो आस बाजूने पाहिल्यास वरून मागे झुकलेला असतो. सायकलच्या पुढच्या चिमट्याचा कल डोळ्यांसमोर आणला की ही कल्पना स्पष्ट होते. हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते, त्यास हा कलही साहाय्य करतो. मोटार वळणावरून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ होते, त्यामागेही मुख्यतः हाच कोन असतो. कॅस्टर कमी पडला तर गाडी भरकटते. अधिक झाला तर स्टिअरिंग जड होते.

तिसरा कोन म्हणजे त्याच आसाचा, अर्थात किंगपिनचा, आतल्या बाजूस असलेला कल. तो सुट्या भागाच्या घडणीतच असतो. त्यात फेरफार करण्याची सोय नसते. हा कोन चुकलेला आढळला, तर भाग वाकला आहे असे निश्चित समजावे.

चौथे माप टो-इनचे. गाडीकडे वरून पाहिले असता दोन्ही पुढील चाकांची तोंडे एकमेकांकडे किंचित वळलेली असतात. मागील चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत याचे कारण सोपे आहे. गाडी पुढे जाताना रस्त्याचा विरोध पुढील चाकांना मागे रेटतो, सांध्यांतील बारीक ढिलाई भरून निघते आणि चाकांची तोंडे बाहेर फाकू लागतात. उभ्या गाडीत चाके जरा आत वळवून ठेवली, तर धावताना ती जवळजवळ समांतर होतात.

वळणावर मात्र चाके समांतर राहून चालत नाही. आतल्या चाकाला लहान आणि बाहेरच्या चाकाला मोठे वर्तुळ कापावे लागते. म्हणून आतले चाक अधिक वळले पाहिजे. ही युक्ती म्युनिकचे गाडीकारागीर लँकेन्स्पर्गर यांनी घोडागाडीसाठी शोधली आणि रुडॉल्फ ॲकरमन यांनी त्यांच्या वतीने १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. मोटारीच्या स्टिअरिंगचे दांडे आजही या तत्त्वावर आखले जातात.

थोडी चूक, मोठा खर्च

मिलिमीटरभर फरकाने काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर साध्या गणिताने देता येते. रिमचा व्यास ३६० मि.मी. धरू. रिमच्या काठावर मोजलेला टो-इन ३ मि.मी. असेल, तर प्रत्येक चाक आपल्या दिशेपासून सुमारे पाव अंश वळलेले असते. म्हणजे एक किलोमीटर सरळ जाताना ते सुमारे ४ मीटर आडवे सरकू पाहते. धावताना सांध्यांच्या ढिलाईत हा कोन बराचसा विरून जातो, म्हणून तेवढा टो-इन निभावतो. परंतु हाच आकडा चुकून १२ मि.मी. झाला, तर किलोमीटरमागे आडवी ओढ सुमारे १७ मीटर होते. शंभर किलोमीटरच्या प्रवासात टायरचे रबर सुमारे पावणेदोन किलोमीटर रस्त्यावर आडवे घासले जाते असे म्हणता येईल. टायर लवकर का संपतो, याचा उलगडा येथे होतो. शिवाय या ओढीवर मात करण्यासाठी एंजिनाला अधिक इंधन जाळावे लागते, ते वेगळेच.

टायरची साक्ष

टायरवरील झीज ही जुळणीतील दोषाची नोंदवहीच असते. तळहात टायरच्या पृष्ठभागावरून आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागले, तर दोष टो-इनचा आहे. हात आतून बाहेर नेताना दाते बोचत असतील तर टो-इन अधिक. बाहेरून आत नेताना बोचत असतील तर चाकांची तोंडे फाकलेली आहेत. एकाच चाकाची एकच कड सपाट झिजली असेल तर कॅम्बर तपासावा. दोन्ही कडा झिजून मधला भाग शाबूत राहिला असेल तर हवा कमी ठेवली गेली. मधला भाग झिजला असेल तर हवा अधिक भरली गेली. जागोजागी खड्डे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर, बेअरिंग किंवा चाकाचा तोल यांकडे पाहावे.

येथे एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला मुभा आहे. वर्षाकाठी थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीचे टायर साक्ष देण्याइतके झिजतच नाहीत. उलट, उभ्या उभ्या त्यांचे रबर कडक होते आणि सांध्यांतील ग्रीस वाळते. म्हणून अशा गाडीच्या बाबतीत झिजेची वाट न पाहता मोजमाप करणे अगत्याचे ठरते. टायरच्या अंगावरील चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. नक्षी शिल्लक आहे म्हणून जुना टायर विश्वासार्ह मानू नये.

गाडी एका बाजूस ओढत असेल तर तो दोष जुळणीचाच आहे, असेही गृहीत धरू नये. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मध्यभागी उंच व कडेला उतरते असतात; डाव्या बाजूने जाणारी गाडी किंचित डावीकडे कलते, ते स्वाभाविक होय. ओढ याहून अधिक असल्यास पुढील दोन्ही चाके परस्परांत बदलून पाहावीत. ओढीची दिशा बदलली तर दोष टायरचा. फेरीनंतर एकाच चाकाचे ड्रम अधिक तापलेले आढळले तर ब्रेक अडकतो आहे. ही दोन्ही कारणे दूर झाल्यावरच कॅम्बर व कॅस्टर यांतील डाव्या-उजव्या फरकाचा विचार करावा. धन कॅम्बर ज्या बाजूस अधिक त्या बाजूस, आणि कॅस्टर ज्या बाजूस कमी त्या बाजूस गाडी ओढते.

मोजण्यापूर्वीची तपासणी

चार दिवसांत दुखणे परत का येते, याचे उत्तर या टप्प्यात आहे. सांधे ढिले असताना घेतलेले माप हे त्या क्षणापुरते असते. पहिल्याच खड्ड्यात चाक नव्या जागी जाऊन बसते आणि यंत्राने छापलेला कागद निरर्थक ठरतो.

गाडी सपाट जागी उभी करून पुढील भाग उचलावा आणि केवळ जॅकवर विसंबून न राहता मजबूत घोडीचा आधार द्यावा. चाक वर आणि खाली धरून हलवावे. ढिलाई जाणवली तर सहकाऱ्याने ब्रेक दाबून धरावा. ढिलाई नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजला आहे. नंतर चाक डावीकडे व उजवीकडे धरून हलवावे. या वेळी जाणवणारी ढिलाई टाय रॉडची टोके, आयडलर आर्म किंवा स्टिअरिंगची पेटी यांतील असते. सस्पेन्शनच्या आर्मचे रबरी बुश चिरलेले वा एका बाजूस दबलेले नाहीत, हेही पाहावे. बुश नवे घातले असल्यास त्यांचे बोल्ट अखेरचे आवळताना गाडीचे वजन चाकांवर आलेले असावे. चाके अधांतरी असताना बोल्ट आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि गाडीची उंची बदलते.

मागील भागही दुर्लक्षून चालणार नाही. पद्मिनीसारख्या गाडीत मागील अखंड ॲक्सल पाट्यांवर बसविलेला असतो. पाट्याचा मधला बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल झाले, की ॲक्सल तिरपा होतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर दोन्ही बाजूंनी मोजून ताडून पाहावे. स्प्रिंगा बसल्यामुळे गाडी एका बाजूस झुकली असेल तर प्रथम तो दोष काढावा. कारण उंची बदलली की सर्व कोन बदलतात.

दोरी, खडू आणि टेप

हे सर्व निर्दोष असल्यावर मोजमाप हाती घ्यावे. त्यासाठी महागडे यंत्रच हवे असे नाही. जमीन समतल आहे का, हे गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने पाहता येते. टायरमध्ये योग्य हवा भरावी. गाडी दोन-तीन वेळा दाबून सोडावी आणि काही मीटर पुढे ढकलून, चाके सरळ ठेवून थांबवावी. जॅकवरून उतरविलेल्या गाडीचे माप लगेच घेणे ही नेहमी होणारी चूक आहे. टायर जमिनीला धरून राहतात आणि चाके आपल्या स्वाभाविक जागी येत नाहीत.

टो-इन मोजण्यासाठी दोन्ही पुढील रिमच्या आतल्या काठावर, मागच्या बाजूस, चाकाच्या मध्याच्या उंचीवर खडूने खूण करावी. एका सरळ पट्टीला दोन उभे काटे बसवून ती गाडीखालून घातली, की दोन खुणांमधील अंतर अचूक घेता येते. आता गाडी पुढे ढकलावी. त्याच खुणा अर्धा फेरा घेऊन पुढच्या बाजूस त्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजावे. मागील अंतर १,२३३ मि.मी. आणि पुढील १,२३० मि.मी. भरले, तर टो-इन ३ मि.मी. झाला. दोन्ही वेळा रिमवरील तेच बिंदू वापरल्यामुळे रिम थोडे वाकडे असले तरी मापात चूक येत नाही. या पद्धतीचा हा मोठा गुण होय.

कॅम्बरसाठी ओळंबा पुरतो. चाकासमोर ओळंबा सोडून रिमच्या वरच्या व खालच्या काठापर्यंतचे अंतर मोजावे. ३६० मि.मी. व्यासाच्या रिमवर सुमारे ६ मि.मी. फरक म्हणजे एक अंश. कॅस्टर थेट मोजता येत नाही. चाक २० अंश बाहेर व २० अंश आत वळवून दोन्ही स्थितींतील कॅम्बर घेतात. त्यांतील फरकाची सुमारे दीडपट म्हणजे कॅस्टर. चाक सहज वळावे यासाठी त्याखाली ग्रीस लावलेले पत्र्याचे दोन तुकडे ठेवावेत.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम कॅस्टर, मग कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो-इन, हा क्रम कधीही उलटवू नये. पहिले दोन कोन बदलले की टो-इन बदलतो. मात्र टो-इन बदलल्याने पहिल्या दोहोंवर फारसा परिणाम होत नाही. अनेक जुन्या गाड्यांत कॅस्टर व कॅम्बर पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, घालून वा काढून साधतात. काढलेली प्रत्येक चकती कोठली, याची नोंद ठेवावी.

टो-इनसाठी टाय रॉडची लांबी बदलतात. दांडे ॲक्सलच्या मागे असतील तर लांबी वाढविल्याने टो-इन वाढतो. पुढे असतील तर कमी होतो. स्टिअरिंग प्रथम बरोबर मध्यावर आणावे आणि दोन्ही बाजूंचे दांडे सारख्याच फेऱ्यांनी फिरवावेत. एकाच बाजूचा दांडा फिरवून आकडा साधला, तर स्टिअरिंगचे चक्र वाकडे दिसते आणि डावे-उजवे वळण सारखे राहत नाही. चक्र वाकडे दिसते म्हणून ते काढून सरळ बसविणे हा दोष झाकण्याचा प्रकार आहे. काम झाल्यावर सर्व लॉकनट व क्लॅम्प आवळून, गाडी थोडी चालवून पुन्हा एकदा मोजावे.

जुनी पुस्तिका आणि नवे यंत्र

आजची संगणकीय यंत्रे अतिशय अचूक मोजतात. परंतु त्यांच्या यादीत पन्नास वर्षांपूर्वीची गाडी नसेल, तर जवळपासच्या दुसऱ्या गाडीचे आकडे निवडले जाण्याचा धोका असतो. म्हणून मालकाने त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील पान सोबत न्यावे. गाडी रिकामी असताना मोजायचे की ठराविक वजन ठेवून, हेही पुस्तिकेत पाहावे.

एककांचा घोटाळाही टाळला पाहिजे. जुन्या पुस्तिकेत टो-इन मिलिमीटरमध्ये वा इंचांत असतो. यंत्र तो अंश व कलांत दाखविते. ३६० मि.मी. व्यासाच्या रिमवरील ३ मि.मी. म्हणजे दोन्ही चाकांचे मिळून सुमारे २९ कला. परंतु तेच ३ मि.मी. ६०० मि.मी. व्यासाच्या टायरच्या परिघावर मोजले असतील तर केवळ १७ कला होतात. माप कोठे घ्यावयाचे, हे पाहिल्यावाचून आकडा यंत्रात भरू नये.

पुस्तिकेतील आकडे त्या काळच्या क्रॉस-प्लाय टायरसाठी ठरविलेले असतात, ही गोष्टही लक्षात ठेवावी. आता अनेक गाड्यांना रेडियल टायर बसविलेले असतात. त्यांच्या बाजू अधिक लवचिक असून त्यांना सामान्यतः कमी टो-इन लागतो. पुस्तिकेने दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकापासून आरंभ करून, काही अंतर चालविल्यावर टायर पाहून निर्णय घेणे शहाणपणाचे. एकाच गाडीत दोन्ही प्रकारचे टायर मिसळून वापरणे मात्र धोक्याचे आहे.

हाताचे ज्ञान

पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर असताना तिचे किंगपिन बदलणारे, शिम हाताळणारे आणि टायरवरून नुसता हात फिरवून दोष सांगणारे कारागीर मुंबईच्या गल्लोगल्ली होते. त्या टॅक्सीबरोबर त्यांचे रोजचे कामही सरले. जुनी गाडी जपायची तर हे ज्ञानही जपले पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्याने अशा कारागिराच्या शेजारी बसून एखादी जुनी गाडी दोरी व खडूने मोजली, तर यंत्राच्या पडद्यावरील आकड्यांमागचा अर्थ त्याला कायमचा उमगेल.

मालकानेही एक साधी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, हवा, मोजलेले कोन आणि बदललेले भाग तीत टिपून ठेवावेत. सहा महिन्यांनी घेतलेले माप आधीच्या मापाशी जुळले, तर सांधे निरोगी आहेत. जुळले नाही, तर टाय रॉडला पाना लावण्यापूर्वी कोणता सांधा ढिला झाला, याचा शोध घ्यावा. आधी झीज, मग माप आणि शेवटी दुरुस्ती हा क्रम पाळणाऱ्याची जुनी मोटार रॅलीच्या रस्त्यावर हाताच्या हलक्या स्पर्शाने सरळ चालेल आणि आत बसलेल्यांना सुखरूप घरी आणील.